प्रस्तावनेखालचं गाव

मराठी पुस्तकाची प्रस्तावना संपली की एका बाजूला लेखकाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला गाव आणि तारीख, ही आपल्याकडची जुनी रीत. वाचक बहुधा पान उलटून पहिल्या प्रकरणाकडे वळतो, त्या गावाकडे लक्ष देत नाही. मी देते. फोन घरोघरी नव्हते त्या काळात लेखकाने घर बदललं, नोकरी बदलली, मुलूख बदलला, ही बातमी दूरच्या वाचकाला या एका ओळीतूनच मिळायची. नागपूरच्या किंवा बडोद्याच्या वाचनालयात बसलेल्या माणसाला वि. स. खांडेकर शिरोड्याहून उठले आणि कोल्हापूरला गेले, हे पुस्तकाखालचं गाव बदललं तेव्हा कळलं असेल. ते साल १९३८.

आज शिरोडं आणि कोल्हापूर दोन्ही एकाच राज्यात आहेत, त्यामुळे हे स्थलांतर आपल्याला जिल्हा बदलण्याइतकं किरकोळ वाटतं. तेव्हा ते तसं नव्हतं. शिरोडं वेंगुर्ला तालुक्यात, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजांच्या मुलखात. म्हणून तर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह तिथं झाला. शेजारी सावंतवाडीचं संस्थान, खाली पोर्तुगीजांचा गोवा. आणि घाट चढून वर आलं की छत्रपतींचं कोल्हापूर संस्थान. कायदा वेगळा, न्यायालयं वेगळी, पोलीस वेगळे, दरबार वेगळा. मुंबई इलाख्यात १९३७ साली निवडणुका होऊन बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं होतं. निवडून दिलेलं सरकार असलेला मुलूख सोडून खांडेकर राजाच्या मुलखात आले. इथं प्रजेला हक्क मिळावेत म्हणून माधवराव बागलांनी प्रजापरिषद उभी केली ती त्यांच्या येण्यानंतरच्या वर्षी, १९३९ मध्ये.

खांडेकरांचं आयुष्य या सरहद्दींवरूनच गेलेलं आहे. जन्म ११ जानेवारी १८९८ चा, सांगलीत. सांगली पटवर्धनांचं संस्थान. जन्मनाव गणेश आत्माराम. पुढे सावंतवाडी संस्थानातल्या नानेली गावच्या चुलत्यांना ते दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. लग्न झालेल्या मुलीसारखं त्यांचं गावही बदललं, नावही बदललं. पुण्याच्या फर्ग्युसनमधलं शिक्षण अर्धवट राहिलं. १९२० मध्ये ते शिरोड्याच्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि अठरा वर्षं तिथंच राहिले. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या त्या खेड्यातल्या शाळेच्या कामातून वेळ काढून लिहिलेल्या आहेत. समुद्र, माडांच्या बागा, मिठागरं आणि फी भरता न येणारी पोरं हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. त्यांच्या कादंबऱ्यांतला गरिबीबद्दलचा कळवळा आजच्या समीक्षकांना कधी कधी भडक वाटतो. मला तो तसा वाटत नाही. अठरा वर्षं खेड्यातल्या वर्गासमोर उभा राहिलेल्या माणसाचा तो कळवळा आहे.

मग असा माणूस कोल्हापूरला का आला? सिनेमामुळे.

मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये कोल्हापुरात 'हंस पिक्चर्स' काढली आणि पहिल्याच 'छाया' चित्रपटाची कथा खांडेकरांकडून घेतली. खांडेकर तेव्हा शिरोड्यातच मास्तर होते. चित्रपट गाजला, आणि दोन वर्षांनी ते कोल्हापूरला राहायलाच आले. या गावात बोलका-मुका असा सगळा सिनेमा कधीचाच रुजलेला होता. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती १९१७ साली. 'प्रभात' १९२९ मध्ये इथंच जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. मामा वरेरकरांच्या कथेवर विनायकांनी 'विलासी ईश्वर' केला तो १९३५ मध्ये, कोल्हापूर सिनेटोनसाठी. पुण्यात राहणारे अत्रे हंससाठी 'धर्मवीर' आणि 'ब्रह्मचारी' लिहीत होते. बोलपट आल्यावर कंपनीला लिहिणारा माणूस हाताशी लागायचा. एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत एकदम काढायचे, मग संवादांची फिरवाफिरव आलीच. लेखकाला पगार देणारे धंदे मराठीत तेव्हा मोजकेच होते, शाळा, वर्तमानपत्र आणि कॉलेज. सिनेमाने त्यांत चौथा घातला, आणि तो चौथा धंदा मुंबई-पुण्याच्या खालोखाल कोल्हापुरात मिळत होता.

कॉलेजचा धंदा तर इथं त्याही आधीचा. राजाराम कॉलेज १८८० चं. भवानी मंडपाजवळच्या दगडी इमारतीकडे पाहताना मला नेहमी वाटतं, बाहेरच्या माणसांनी या गावाला केवढं दिलं, आणि गावाने त्यांना किती सहज ठेवून घेतलं. शाहू महाराजांनी कॉलेज आर्य समाजाच्या हाती दिलं. तिथं १९२२ मध्ये प्राचार्य म्हणून आले डॉ. बाळकृष्ण. ते मूळचे मुलतानचे, पंजाबी माणूस. त्यांनी कोल्हापुरात बसून शिवाजी महाराजांवर इंग्रजीत खंडच्या खंड लिहिले, डचांच्या दप्तरातली कागदपत्रं मिळवून लिहिले. शिवरायांच्या नावाचं विद्यापीठ या गावात व्हावं हा ध्यासही त्यांचाच. ते १९४० मध्ये वारले. विद्यापीठ झालं १९६२ मध्ये. कोल्हापूरच्या इतिहासात डॉ. बाळकृष्णांचं नाव जितक्या वेळा यायला हवं तितकं येत नाही, हे मी इथं आल्यापासून भेटेल त्याला सांगते आहे.

त्यांच्याच काळात प्रा. ना. सी. फडके आले आणि पुढची वीसेक वर्षं कोल्हापुरात राहून निवृत्तीनंतर पुण्याला गेले. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, आले. त्यांचा जन्म बडोद्याचा, म्हणजे तेही दुसऱ्या संस्थानातले. शिकवायचे फारसी. मराठी छंदांचा कायमचा हिशेब मांडणाऱ्या 'छंदोरचने'ची वाढवलेली आवृत्ती १९३७ मध्ये निघाली ती त्यांच्या कोल्हापूरच्या दिवसांतली. ते १९३९ मध्ये गेले. म्हणजे १९३८ ते १९३९ या थोड्या काळात जूलियन, फडके आणि खांडेकर एकाच गावात होते. तिघांपैकी मूळचा कोल्हापूरचा एकही नाही.

या तिघांच्या साहित्य संमेलनांच्या अध्यक्षपदांची सालं मी एका कागदावर लिहून ठेवली आहेत. जळगाव १९३६, माधव जूलियन. रत्नागिरी १९४०, फडके. सोलापूर १९४१, खांडेकर. पुण्या-मुंबईबाहेरच्या एका संस्थानी गावात राहिलेली ही तीन माणसं. आणि त्यांतल्या दोघांचं तर साहित्यावरून जाहीर हाडवैर. कला कलेसाठी म्हणणारे फडके आणि कला जीवनासाठी म्हणणारे खांडेकर, हा वाद आम्हाला कॉलेजात शिकवला तो जणू दोन टोकांना राहणाऱ्या माणसांचा असावा असा. प्रत्यक्षात दोघंही करवीरवासी. एकाच मंडईतली भाजी त्यांच्या घरी जात होती. या गोष्टीने माझी वादाकडे पाहायची दृष्टी बदलली. मतं इतकी उलटी असूनही दोघं एका गावात वर्षानुवर्षं राहिले आणि दोघांनीही आपलं लिखाण सोडलं नाही. गावाचं मोठेपण मला यात दिसतं.

हंसच्या आवारात त्याच सुमाराला आणखी एक पोरगेला माणूस आला. औंध संस्थानातल्या शेटफळ्याचा, मॅट्रिकला गणितात अडलेला, पोटाला काम हवं असलेला. गजानन दिगंबर माडगूळकर. 'ब्रह्मचारी'त त्याला छोटीशी भूमिका मिळाली, आणि खांडेकरांचा लेखनिक म्हणूनही त्याने काम केलं. खांडेकर सांगत आणि हा लिहून घेई. लिहिण्याचं शिक्षण याहून चांगलं कुठल्या शाळेत मिळेल? पुढे गदिमा मराठी घराघरांत गेले. त्यांच्या हाताचं ते वळण सांगली-सावंतवाडी-शिरोडं असा फेरा करून आलेल्या एका मास्तराच्या तोंडच्या वाक्यांवर तयार झालं, आणि ते कोल्हापुरात झालं.

मग कंपनी हलली. १९४० मध्ये विनायक आणि मंडळी 'नवयुग'साठी पुण्याला गेली. खांडेकरांनी नवयुगसाठी 'अमृत' लिहिला, पण घर हलवलं नाही. विनायक पुन्हा कोल्हापूरला आले, 'प्रफुल्ल पिक्चर्स' काढली. वडील नुकतेच गेलेली मंगेशकरांची लता त्या दिवसांत कंपनीत नोकरीला होती. तीही कंपनी मुंबईला गेली. १९४७ मध्ये विनायक वारले. ज्या कामासाठी खांडेकरांनी शिरोडं सोडलं ते काम असं हातातून जात राहिलं, आणि ते मात्र राजारामपुरीत राहिले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला खरा निर्णय १९३८ चा नाही. तेव्हा पगार होता, बोलावणं होतं. बोलावणारे निघून गेल्यावर न जाणं, हा निर्णय मोठा.

त्याच वर्षांत त्यांची कादंबरी थांबली. 'क्रौंचवध' १९४२ मध्ये आली आणि त्यानंतरची 'अश्रू' थेट १९५४ मध्ये. मधली बारा वर्षं वाचकाला खांडेकरांची नवी कादंबरी मिळाली नाही. कथा, लघुनिबंध, रूपककथा, भाषणं चालूच होती. पण महायुद्ध, बेचाळीसची चळवळ, फाळणी, गांधीजींची हत्या हे सगळं त्या मधल्या काळात येऊन गेलं. हत्येनंतर कोल्हापुरातही घरं जळाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्याने कादंबरीमागून कादंबरी ध्येयवादी तरुण रंगवले, त्या लेखकाला नवा नायक सुचायला वेळ लागला असेल तर त्यात नवल नाही. तो प्रामाणिकपणा आहे असं मी मानते.

आणि याच काळात राज्यच त्यांच्याकडे चालत आलं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५६ मध्ये द्वैभाषिक झालं. १ मे १९६० ला महाराष्ट्र. खांडेकर राजारामपुरीतच होते.

आता माझी हकीकत सांगते, कारण या सगळ्यात मी शिरले ती माझ्या घरबदलामुळे. मी बेळगावची. शाळेतून निवृत्त झाले, मुलगी कोल्हापुरात असते, आणि मी माझी पुस्तकं, आईची शिलाई मशीन आणि स्कूटर घेऊन इकडे आले. अंतर असं काही नाही. निपाणी मागे पडली, कोगनोळी ओलांडली की कागल. पण राज्य बदललं की कागद बदलतो. गाडीची पाटी केए-२२ ची, ती एमएच-०९ करायची तर आधी तिकडचा ना-हरकत दाखला लागतो, मग इकडचा कर. मतदार यादीत नाव हलवायचं. रेशन कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा. हे सगळं मी धीराने केलं. मात्र मतदार यादीत नाव आलं त्या दिवशी मला आईची फार आठवण झाली.

आईचं माहेर कोल्हापूर, मंगळवार पेठ. तिचं लग्न १९५३ चं. तेव्हा बेळगाव आणि कोल्हापूर एकाच मुंबई राज्यात होती. तिने राज्य बदललं नव्हतं, फक्त सासरी आली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि ती घरात बसल्या बसल्या परराज्यातली झाली. माझे मामा भाऊबीजेला यायचे ते दुसऱ्या राज्यात. मी नंतर सालं जुळवली तेव्हा लक्षात आलं, इंग्रजी अमलात बेळगाव खालसा मुलखात आणि कोल्हापूर संस्थानात. म्हणजे तेव्हाही मधे सरहद्द. १९४९ ते १९५६, जेमतेम साडेसात वर्षं ही दोन गावं एका राज्यात नांदली. आईचं लग्न नेमकं त्या साडेसात वर्षांतलं. बेळगावात १९४६ मध्ये साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ज्या गावात ठराव झाला ते गाव बाहेर राहिलं. आमच्या घरात ही गोष्ट दरवर्षी १ नोव्हेंबरला निघायची. वडील त्या दिवशी काळी फीत लावायचे.

लेखकांच्या स्थलांतराची नोंद होते, बायकांच्या होत नाही, हे मला आता अधिक खुपतं. या सगळ्या लेखकांच्या घरांत बायका होत्या. त्यांनीही मुलूख बदलला, नवीन पाणी अंगी लावून घेतलं, नवीन शेजार जोडला, आणि आल्यागेल्या मंडळींना चहा केला. त्यांच्या नावाखाली गाव आणि तारीख कुठेच नाही.

म्हणून मी 'ययाति' पुन्हा वाचायला घेतली. करवीर नगर वाचन मंदिरात बसून वाचली, ते १८५० पासूनचं ग्रंथालय आहे आणि त्याचं सभासद होणं हे इथलं माझं पहिलं आनंदाचं काम. 'ययाति' १९५९ ची. १९६० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७४ मध्ये खांडेकरांना ज्ञानपीठ, मराठीला मिळालेलं पहिलं. ती भोगाच्या मागे धावणाऱ्या माणसाची कथा आहे हे सगळेच सांगतात आणि खांडेकरांनाही तेच म्हणायचं होतं. मला ती या वेळी वेगळी दिसली. एका राज्याची राजकन्या दुसऱ्या राज्यात दासी होऊन जाते आणि गुरूची मुलगी तिथं राणी होते. हस्तिनापुरात दोघी परक्या आहेत. खांडेकरांनी देवयानीला आणि शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगू दिली आहे, राजाच्या कहाणीच्या बरोबरीने. परमुलखात गेलेल्या बाईचं मन काय म्हणतं हे त्या पानांत आहे. नकाशावरच्या रेघा हलत होत्या त्याच दशकात, स्वतः इतके मुलूख पाहिलेल्या माणसाने ती पानं लिहिली. हे दोन धागे त्यांनी मुद्दाम जोडले असं मी म्हणत नाही. मला ते वाचताना जोडलेले दिसतात.

खांडेकरांचा वाचक त्यांच्या राज्यात मावला नाही, हेही नोंदवायला हवं. का. श्री. श्रीनिवासाचार्यांनी त्यांना तमिळमध्ये नेलं, गोपाळराव विद्वांसांनी गुजरातीत. तमिळ घरांत खांडेकर इतके वाचले गेले की ते आपलेच लेखक आहेत असं तिथल्या कित्येकांना वाटायचं. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. लेखनिकाला सांगून लिहिण्याची जी सवय हंसच्या दिवसांत होती तीच आता एकमेव वाट उरली, आणि त्या वाटेने ते लिहीत राहिले. २ सप्टेंबर १९७६ ला ते मिरजेत वारले. आज शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. शाळांच्या सहली तिथं न्यायला हव्यात असं मी माझ्या ओळखीच्या शिक्षिकांना सांगते.

एक विनंती मात्र छापणाऱ्यांना करायची आहे. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतात तेव्हा कित्येकदा प्रस्तावना राहते आणि तिच्याखालचं गाव-तारीख गळते. कधी प्रस्तावनाच गळते. जागा एका ओळीची. ती ठेवा. लेखक कुठं बसून, कोणत्या साली, कुठल्या राज्यात लिहीत होता हे कळायला आमच्यासारख्यांना दुसरा आधार पुष्कळदा नसतो.

सध्या मी चंदगडच्या बाजूला वळले आहे. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूरला देताना त्यातला चंदगड तालुका काढून कोल्हापूरला जोडला. कोवाड त्याच तालुक्यातलं, रणजित देसाईंचं गाव. तिथं राहून त्यांनी 'स्वामी' लिहिली, ती १९६२ मध्ये आली. कोवाडच्या माणसाला बेळगावची बाजारपेठ जवळ आणि जिल्ह्याचं ठिकाण लांब. त्या भागातल्या किती मुली बेळगावात दिल्या, किती बेळगावच्या मुली तिकडे आल्या, १९५६ नंतर त्यांच्या माहेरच्या वाटेचं काय झालं, हे मला त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचं आहे. माझ्या आईच्या वयाच्या काही जणी अजून आहेत. पाऊस उघडला की एसटीने जाणार आहे, वही आणि बोललेलं टिपून घ्यायला मुलीचा जुना फोन बरोबर घेऊन. त्यांच्या प्रत्येकीच्या हकीकतीखाली मी दोन गावं लिहिणार आहे, माहेरचं आणि सासरचं, आणि लग्नाचं साल.